कॉर्डच्या आकृत्या नोटेशनवर: म्यूझस्कोर घ्यावं की लिलीपॉन्ड?

सांगली-मिरजेत गिटारच्या शिकवणीसाठी किंवा वाद्यवृंदासाठी नोटेशन छापायचं असेल, तर आधी एवढंच ठरवा: गाण्याची पट्टी बदलणार का? मिरजेचे सतारवाले ज्याला पडदा म्हणतात, तोच गिटारचा फ्रेट. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर; त्यासाठी कुठल्या तारेवर, कितव्या पडद्याला बोट, हे कॉर्डची आकृती सांगते. गायक पांढरी एकवरून (सी) काळी एकला (सी शार्प) गेला की सगळी बोटं बदलतात. म्यूझस्कोर आणि लिलीपॉन्ड ही नोटेशनची दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, पण इथे त्यांच्यात मोठा फरक पडतो.

म्यूझस्कोर पटकन हाताला बसतं. स्वर निवडायचा, फ्रेटबोर्ड आकृत्यांच्या पॅलेटमधली आकृती क्लिक करायची. पॅलेटमध्ये सी ते बी या सात स्वरांच्या मेजर, मायनर आणि सेव्हन्थ आकृत्या असतात; बाकीच्या आकृत्या ‘प्रॉपर्टीज’ या चौकटीत ठिपके ठेवून करता येतात. युकुलेलेसाठी तारांची संख्या तिथेच ६ ची ४ करा. बार कॉर्ड (एकच बोट अनेक तारांवर आडवं दाबून वाजवायचा) वरच्या पडद्यावर असेल तर सुरुवातीच्या पडद्याचा आकडा भरायला विसरू नका, नाहीतर विद्यार्थी पहिल्याच पडद्यावर बोट ठेवतो. केलेली आकृती कंट्रोल-शिफ्ट दाबून पॅलेटमध्ये ओढून ठेवली की पुन्हा करावी लागत नाही.

अडचण पट्टी बदलताना येते. चौथ्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या रूपांत कॉर्डचं नाव बदलायचं, आकृती जुनीच राहायची. नव्यातही हाताने केलेल्या आकृत्या एकेक तपासा.

लिलीपॉन्डमध्ये माऊस नाही, सगळं मजकुरात लिहायचं. पहिला आठवडा जड जातो. पण कॉर्ड एकदाच लिहिले की नावं आणि आकृत्या दोन्ही त्यातूनच तयार होतात, आणि पट्टी बदलणं एका ओळीचं काम. गिटारच्या तयार आकृत्यांची फाइल वर जोडायलाच हवी. ती नसली तर सॉफ्टवेअर कॉर्डच्या स्वरांवरून स्वतःच बोटं ठरवतं, आणि ती वाजवायला अनेकदा अवघड निघतात. काळी एक लिहिताना सी शार्पऐवजी डी फ्लॅट घ्या: पट्टीच्या खुणांत सात शार्पऐवजी पाच फ्लॅट लागतात.

डोरिको हे तिसरं सॉफ्टवेअर पूर्ण रूपात हवं तर विकत घ्यावं लागतं. ते कॉर्डच्या नावांवरून आकृत्या काढतं आणि सुरुवातीला सगळ्या आकृत्यांचा तक्ताही देतं. फिनाले या जुन्या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याचं २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं, त्यामुळे नव्याने तिकडे वळू नये.

मराठी शब्द स्वरांखाली घालायचे तर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात.

शिकवणीतली गाणी ठरलेल्या पट्टीत असतील, तर म्यूझस्कोर पुरे. गायक काळी एक मागत असेल तरी कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर लावून पांढरी एकच्याच आकृत्या ठेवता येतात. फक्त पानावर ‘कॅपो १’ ठळक छापा. गायकागणिक पट्टी बदलणाऱ्या वाद्यवृंदाने मात्र लिलीपॉन्ड शिकून घ्यावं.