मोफत मिळणारे डीव्हीडी ऑथरिंग सॉफ्टवेअर मला २४१ डॉलरला विकले गेले

घरच्या संगणकावर डीव्हीडी तयार करण्यासाठी ‘व्यावसायिक’ दर्जाचे सॉफ्टवेअर शोधणाऱ्या प्रत्येकाने पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्यासाठीच मी लिहीत आहे. डीव्हीडीस्टायलर हे कोणालाही मोफत उतरवून घेता येणारे मुक्त-स्रोत (म्हणजे मूळ संहिता सर्वांना खुली असलेले) सॉफ्टवेअर नवे नाव, नवा रंग आणि नवे चिन्ह चढवून मला विकण्यात आले. मूळ परवान्याचे १२९ डॉलर, डॉल्बी आवाजाच्या ‘पॅक’चे ३९, डबल लेयर (दोन थरांच्या, जास्त मावणाऱ्या) डिस्कच्या ‘पॅक’चे ४९ आणि ‘प्राधान्य साहाय्य’ या गोंडस नावाखाली वर्षाचे २४, असे एकूण २४१ डॉलर माझ्याकडून उकळले गेले. यातील ज्या दोन ‘पॅक’साठी वेगळे ८८ डॉलर लागले, त्या दोन्ही सोयी मूळ मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासूनच आहेत.

‘आजच्या काळात डीव्हीडी हवीच कशाला’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की, ज्येष्ठ नातेवाइकांना टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये डिस्क घालून रिमोटचे एक बटण दाबणे जमते, बाकी काही जमत नाही आणि ते त्यांनी शिकावे अशी अपेक्षाही मी करणार नाही. जुन्या कॅसेटवरचे घरगुती चित्रीकरण मी संगणकावर उतरवून घेतले होते आणि ते मेनू, चॅप्टर व उपशीर्षकांसह डिस्कवर हवे होते. फाइल नुसती डिस्कवर उतरवली की प्लेअरला चालणारी डीव्हीडी होते, असे मुळीच नाही. चित्र एमपेग-२ स्वरूपात, टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, किंवा एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम असावे लागते. आवाज एसी-३ (म्हणजेच डॉल्बी) किंवा एलपीसीएमसारख्या ठरलेल्या प्रकारांतलाच लागतो. आणि हे सारे व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फायलींच्या ठरावीक रचनेत बसवावे लागते. ही बसवणूक म्हणजेच ऑथरिंग. ते हाताने होत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअर लागतेच, आणि म्हणून मी ते शोधत होते.

ज्यांच्याकडे विश्वासाने जावे, अशी नावे या क्षेत्रात फारशी उरलेली नाहीत, हीच या लुटारूंची संधी आहे. ॲपलने डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ मध्ये बंद केले. अडोबीच्या एन्कोरची शेवटची आवृत्ती २०१२ च्या सीएस६ संचाबरोबर आली आणि तिथेच थांबली. मोठे खेळाडू उठून गेलेल्या मैदानात मग ‘दहा सर्वोत्तम डीव्हीडी ऑथरिंग सॉफ्टवेअर’ अशा याद्या, त्या यादीत पहिला क्रमांक पटकावणारे अनोळखी नाव आणि सवलत संपायला आली म्हणून उलटे धावणारे घड्याळ, हा सगळा बाजार भरतो. तो कसा चालतो हे आपण सारेच जाणतो, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही.

मला राग आहे तो जाहिरातीतल्या धडधडीत खोट्या विधानांचा, कारण ती तांत्रिक भाषेत लिहिलेली होती आणि सामान्य ग्राहकाला तपासता येणार नाहीत हे ओळखूनच लिहिलेली होती. ‘एका साध्या डिस्कवर सहा तास, दर्जात कोणतीही घट नाही’ हे पहिले. साध्या डिस्कची क्षमता ४.७ अब्ज बाइट. दोन तासांचे चित्रीकरण त्यात बसवायचे तर आवाज धरून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, आणि सहा तासांचे बसवायचे तर जेमतेम १.७. डीव्हीडीच्या नियमांत एकट्या चित्रालाच ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा असताना १.७ मध्ये दर्जा टिकतो असे म्हणणे ही शुद्ध थाप आहे. ‘कोणत्याही डीव्हीडी प्लेअरवर फुल एचडी’ हे दुसरे. डीव्हीडी-व्हिडिओत ७२० बाय ५७६ च्या वर जाताच येत नाही. तिसरे विधान होते सीएसएस संरक्षणाचे, म्हणजे घरी जाळलेल्या (संगणकावर लिहिलेल्या) डिस्कची कोणी नक्कल करू शकणार नाही असे. साध्या कोऱ्या डीव्हीडी-आरवर सीएसएसची किल्ली जिथे असावी लागते, तो भाग लिहिता येणार नाही अशा स्थितीतच डिस्क बाजारात येते. सीएसएस कारखान्यात छापल्या जाणाऱ्या डिस्कसाठी असते. हे आज मला तोंडपाठ आहे. खरेदीच्या वेळी ते माहीत असायला ग्राहक अभियंताच असावा, असा नियम आहे का?

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की आजही अंगाची लाहीलाही होते. चाचणी आवृत्तीत मी एक छोटी डिस्क तयार करून पाहिली होती, तेव्हा पैसे भरलेले नव्हते. काम सुरू असताना खालच्या चौकटीत करड्या अक्षरांत ओळी भराभर वर सरकत होत्या. त्यांत एक ओळ डीव्हीडीऑथर या नावाची होती आणि तिच्यापुढे ०.७ ने सुरू होणारा आवृत्ती क्रमांक होता. लगेच खाली, दोष आढळल्यास कळवण्याचा म्हणून एक ईमेल पत्ता होता, आणि तो विक्रेत्याचा नव्हता. त्याच खिडकीच्या माथ्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘आवृत्ती १२’ असे लिहिलेले होते. बारावी आवृत्ती विकणाऱ्याच्या पोटात ०.७ काय करत होते? उत्तर सरळ होते: डीव्हीडीऑथर हा मोफत, मुक्त-स्रोत प्रोग्राम आहे आणि डीव्हीडीस्टायलर पडद्यामागे त्यालाच कामाला लावते. ती ओळ डोळ्यांसमोरून गेली आणि ‘व्हीओबीयू’ने (चित्रीकरणाच्या छोट्या तुकड्यांच्या नोंदींनी) भरलेल्या पुढच्या ओळींनी तिला वर ढकलून दिले. प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांकडे सरकत असताना त्या ओळी कोणी वाचत बसत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याने बाहेरचा सगळा मुलामा बदलला आणि ही चौकट होती तशीच राहू दिली.

उलगडा झाला तो मेनूचे एक बटण प्लेअरवर चालेना म्हणून. ‘प्राधान्य साहाय्य’ विभागाकडून ‘डिस्कचा ब्रँड बदला’ याखेरीज काही मिळाले नाही. तुलना करून पाहावी म्हणून मी डीव्हीडीस्टायलर बसवले, तर मेनूचे तेच नमुने, खिडक्यांची तीच मांडणी आणि तेच पर्याय. मग विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रकल्प फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीलाच डीव्हीडीस्टायलर हे नाव लिहिलेले होते. फाइलचे विस्तारनाम तेवढे बदलले, तर मूळ मोफत सॉफ्टवेअरने ती निमूटपणे उघडली. पुरावा यापेक्षा स्वच्छ असू शकत नाही.

आणि तरीही हा पुरावा कोणालाही पाहावासा वाटला नाही. बँकेचे उत्तर असे की, ओटीपी तुम्हीच दिला, वस्तू तुम्हाला ‘पोहोचली’, विक्रेत्याने सक्रियीकरणाची नोंद दाखवली आहे, सबब दावा फेटाळला. विक्रेत्याच्या ३० दिवसांच्या परताव्याच्या हमीत बारीक अक्षरांत अशी मेख होती की परवाना-किल्ली एकदा वापरली की हमी संपते, आणि किल्ली वापरल्याशिवाय विकत घेतलेली पूर्ण आवृत्ती चालतच नाही. बँकेने ही अट जशीच्या तशी ग्राह्य धरली. सायबर तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी फाइल उघडून पाहण्यासही नकार दिला आणि ‘खाते हॅक झाले आहे का?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारून, झालेले नसल्यास हा ग्राहक-वाद आहे असे सांगितले. ग्राहक कक्षाने विक्रेता परदेशी असल्याचे कारण देऊन हात वर केले. एका कार्यालयात तर ‘मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर विकणे बेकायदा नसते’ असे मलाच ऐकवण्यात आले. विकणे बेकायदा नसते, हे मलाही मान्य आहे. डीव्हीडीस्टायलर ज्या जीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली मिळते, तो पैसे घेण्यास मनाई करत नाही. परंतु परवान्याचा मजकूर सोबत द्यावा आणि स्रोत-संहिता उपलब्ध करून द्यावी, असे तो बजावून सांगतो. इथे मूळ लेखकांची नावे पुसली गेली, परवाना लपवला गेला आणि ‘आमच्या अभियंत्यांनी घडवलेले’ असे छापून २४१ डॉलर घेतले गेले. ही फसवणूक नसेल, तर फसवणूक म्हणायचे तरी कशाला? प्रत्येक टेबलावर फॉर्म मात्र होता, प्रत्येक फॉर्मला तक्रार क्रमांक होता, आणि तो क्रमांक घेऊन जायचे ठिकाण नेहमी दुसरेच होते.

जो सॉफ्टवेअर विकत घेण्याच्या विचारात असेल त्याने चाचणी आवृत्तीची कामाची नोंद पैसे भरण्याआधी ओळ न् ओळ वाचावी, आणि प्रकल्प फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. डीव्हीडीस्टायलर आधी मोफत वापरून बघा; घरगुती मेनू आणि चॅप्टरसाठी ते पुरते. तयार झालेला फोल्डर इम्गबर्नने जाळा, तेही मोफत आहे. ‘व्यावसायिक’ या शब्दाला भुलू नका: सिनॅरिस्टसारखी खरी व्यावसायिक साधने कारखान्याकडे मास्टर पाठवण्यासाठी, लेयर-ब्रेक (एका थरावरून दुसऱ्या थरावर जाण्याची जागा) नेमका बसवण्यासाठी आणि प्लेअरच्या १६ सामान्य रजिस्टरांवर (स्मृतीच्या छोट्या कप्प्यांवर) आज्ञावली लिहिण्यासाठी असतात; घरातल्या चार डिस्कना त्यांची गरज नाही, आणि तीच साधने कोणी २० डॉलरला देत असेल तर किल्ली चोरीची आहे असे समजा. डॉल्बीसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला तिथेच नकार द्या. सहा तासांचा दावा दिसला की ४.७ अब्ज बाइटला आठने गुणून सेकंदांनी भागा.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांनी वार्षिक साहाय्याचे ते २४ डॉलर विसरू नयेत. ती रक्कम दरवर्षी आपोआप कापली जाते, आणि विक्रेत्याच्या पानावरचे ‘रद्द करा’ हे बटण दाबल्यावर पुष्टीची ईमेल येतच नाही. कायमस्वरूपी आदेश थेट बँकेतून रद्द करून घ्या, लेखी पोच मागा, आणि ती हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.