‘कट्’ आवाजाचे सहाशे रुपये : कायरोप्रॅक्टिक उपचारांचा सात महिन्यांचा अनुभव

मागच्या आठवड्यात कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राने माझ्या न वापरलेल्या पाच बैठकांचे ६,००० रुपये परत करण्यास नकार दिला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे; एरवी चार ओळींवर भागवले असते. पॅकेज १६ बैठकांचे, १९,२०० रुपयांचे आणि सगळे पैसे आगाऊ. त्यांच्या माहितीपत्रकात ‘मणका’ हा शब्द चार ठिकाणी ‘मनका’ असा छापलेला होता. मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. खरे तर तिथेच उठायला हवे होते.

दिवाळी अंकांची प्रुफे जुलैपासून येऊ लागतात आणि ऑगस्टअखेर दिवसाचे दहा-दहा तास मान खाली घालून काढावे लागतात. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मान अशी धरली की डावीकडे पाहायचे तर सगळे अंग वळवावे लागे. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणारे आमचे घर. आईने तोही उपाय सुचवला, पण मानेवर कोणाचा पाय घेण्याची माझी तयारी नव्हती. अस्थिरोगतज्ज्ञांनी क्ष-किरण चित्र पाहून सांगितले की, पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी झिजली आहे, परंतु पन्नाशीनंतर ज्यांची मान मुळीच दुखत नाही अशा पुष्कळांच्या चित्रातही हेच दिसते. हाताला मुंग्या नाहीत, पकड सैल झालेली नाही, चालताना तोल जात नाही, तेव्हा काही दिवस गोळ्या, शेक आणि मग व्यायाम. इतके साधे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. त्याच सुमारास मोबाइलवर, मानेशी छोटा माइक लावून ती झटक्यात फिरवतात आणि ‘कट्’ असा खणखणीत आवाज येतो, ते व्हिडिओ पाहण्यात आले.

पहिल्या बैठकीनंतर मान खरोखर हलकी झाली आणि दोन दिवस हलकीच राहिली, हे आधी नोंदवतो. तिसऱ्या दिवशी मूळपदावर. पुढच्या बैठकांतही हेच चक्र चालले, मात्र मला एव्हाना आवाजाचे व्यसन लागले होते. एक उजवीकडून, एक डावीकडून, असे बैठकीला दोन आवाज. म्हणजे १,२०० रुपयांना दोन, एक सहाशेला. चौथ्या बैठकीत डावा आवाज आलाच नाही, तेव्हा मापात मारल्यासारखे वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले. आमचे नाभिक केस कापून झाल्यावर हेच काम वर्षानुवर्षे फुकट करत आले होते, ही आठवणही त्याच वेळी झाली.

घरी येऊन वाचायला बसलो, ते खरे तर भांडणाची तयारी म्हणून. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब अचानक उतरला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज तेव्हाचा असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटांचे सांधे ओढताना एमआरआयमध्ये हे टिपले. मणका ‘जागेवर बसल्याचा’ तो आवाज नव्हे. म्हणजे चौथ्या बैठकीत माझे काहीच बुडाले नव्हते आणि आधीच्या तीन बैठकांत जादा काही मिळालेही नव्हते. गंमत अशी की या विद्येची सुरुवातच कानापासून झाली आहे: अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट येथे १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा दावा केला. मीही शेवटी ऐकण्याचेच पैसे भरत होतो.

दुसरी गोष्ट वाचून मात्र नाभिकांकडेही मान मोडून घेणे बंद केले. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात. झटका दिल्यावर त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे क्वचित, पण नोंदलेली आहेत. केंद्राच्या संमतिपत्रात हे बारीक टायपात, नवव्या कलमात होते. तोंडी कोणी सांगितले नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते, भारतात कायरोप्रॅक्टरांसाठी तशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, तेव्हा दाद मागायची तर ग्राहक म्हणूनच.

एवढे कळूनही अकराव्या बैठकीपर्यंत गेलो, कारण पैसे भरलेले होते.

माझे मत पालटले ते २०१२ च्या एका चाचणीमुळे. ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मान दुखणाऱ्या २७२ जणांची विभागणी तीन गटांत केली होती. बारा आठवड्यांनंतर मणक्यावरचे हस्तोपचार गोळ्यांपेक्षा सरस ठरले, म्हणजे माझा पहिला आराम भासमान नव्हता. पण फक्त दोन वेळा तासभर मार्गदर्शन घेऊन घरी व्यायाम करणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच गुण आला. हा हिशेब मला झोंबला. फिजिओथेरपिस्टकडे दोनदा गेलो, एकूण खर्च १,००० रुपये. हनुवटी आत ओढणे, खांद्याची पाती मागे आवळणे, दर अर्ध्या तासाने उठणे, एवढेच. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते आणि मान जितकी पुढे झुकेल तितका मागच्या स्नायूंवरचा भार वाढतो, म्हणून त्यांनी प्रुफे तिरकी ठेवायला सांगितली. त्यासाठी आजोबांची पोथी ठेवायची लाकडी ठवणी माळ्यावरून काढली. नोव्हेंबरपासून मान धरलेली नाही. त्यात दिवाळी अंक संपल्याचाही वाटा असेलच, खरी परीक्षा येत्या ऑगस्टमध्ये.

उरलेल्या बैठकांची मुदत ३० जूनला संपते. घरातल्या दुसऱ्या कोणाला त्या देता येतील, असे केंद्राचे म्हणणे आहे. घरात उत्सुक एकटी आई आहे, ७८ वर्षांची, हाडे ठिसूळ झालेली. अशा मानेला झटका देऊ नये हे त्यांच्याच नवव्या कलमात लिहिले आहे. ते ६,००० रुपये मी बुडीत खाती टाकले आहेत.