कालव्यातलं प्रेत आणि दहा पुस्तकांचा तपास

आमच्याकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्यात अनोळखी प्रेत सापडलं की पेपरात चार ओळी येतात, ठाण्यात ए.डी. (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल होते आणि बऱ्याचदा गोष्ट तिथंच संपते. माय शेवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडप्याची मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावरची दहा कादंबऱ्यांची मालिका नेमकी तिथून सुरू होते. पहिल्या 'रोझेना'त (१९६५) मोताला गावाजवळ गाळ काढताना यंत्राच्या बादलीत एका तरुणीचं प्रेत येतं. अंगावर कपडा नाही, दागिना नाही, कुणी हरवल्याची तक्रारही नाही. तिचं नाव कळायलाच तीन महिने जातात.

मी परभणीला फौजदारी वकिली करते. रहस्यकथा वाचणं मी केव्हाच सोडून दिलं होतं, कारण त्यातला पुरावा माझ्यासारखीच्या उलटतपासात पाच मिनिटं टिकत नाही. गुप्तहेर बुटावरचा चिखल बघतो आणि आरोपी लगेच ढसाढसा रडून कबुली देतो! ही मालिका हातात घेतली आणि पहिल्यांदा वाटलं, लिहिणाऱ्यांनी पोलीस ठाण्यातला बाक झिजवलेला दिसतोय.

एकच उदाहरण देते. ती मुलगी पर्यटकांच्या बोटीवर होती एवढं कळतं. बोटीवर माणसं ८५, आणि ती पांगलीत देशोदेशी. मग बेक आणि त्याचे सहकारी एकेकाला गाठून सहलीचे फोटो आणि हौशी फिल्मा मागवतात. फोटो काढणाऱ्याचं लक्ष आपल्या बायकोपोरांवर. पोलीस बघतात ते मागच्या कठड्याशी कोण उभंय ते. अंधाऱ्या खोलीत बसून परक्या लोकांच्या सुट्ट्या बघत राहायचं, एवढंच काम. मारामारी नाही की पाठलाग नाही, तरी मला दुसऱ्या दिवशीची तारीख असताना पुस्तक खाली ठेववेना. ओळखीच्या एका निवृत्त जमादारांना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, ह्याला म्हणतात तपास. आमच्यावर तर तिसऱ्या दिवशीच वरून फोन, आरोपी कुठंय म्हणून."

माणसंही तशीच. बेकचं पोट सतत बिघडलेलं, झोप नाही, घरात बायकोशी बोलणं नाही. फावल्या वेळात तो जहाजांची मॉडेलं जोडतो. पुढं त्याचा संसार मोडतोच. जाडगेला कोलबर्ग पोलीस असून पिस्तूल बाळगत नाही. मेलांडरला जुनी प्रत्येक केस तोंडपाठ, पण गरज पडली की हा नेमका संडासात! दहा पुस्तकांत ही मंडळी म्हातारी होतात, चिडतात, एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून क्रमानंच वाचा, मधलं एखादं उचलू नका.

काळोख भरपूर आहे, पण रक्ताचे सडे घालून आणलेला नाही. 'द लाफिंग पोलिसमन'मध्ये स्टॉकहोमच्या बसमध्ये गोळीबारात नऊ माणसं मरतात आणि त्यांत त्यांच्याच पथकातला एक तरुण पोलीस असतो. तो त्या बसमध्ये काय करत होता, हे सोबत काम करणाऱ्या कुणालाच माहीत नाही. त्याच्या टेबलाचे खण उघडताना सहकाऱ्यांची होणारी अवघड अवस्था मला खुनापेक्षा जास्त झोंबली. या पुस्तकाला १९७१ मध्ये रहस्यकथांसाठीचं अमेरिकेचं एडगर पारितोषिक मिळालं, ते उगीच नाही.

आता तक्रार. दोघे लेखक कट्टर डावे. स्वीडनची कल्याणकारी व्यवस्था आतून कशी पोखरलीय हे त्यांना दाखवायचं होतं, आणि सुरुवातीच्या पुस्तकांत ते न बोलता दिसतं. शेवटच्या तीन-चारांत मात्र पान-दोन पान भाषण सुरू होतं. युक्तिवाद पटला तरी न्यायाधीश घड्याळाकडे बघतातच की! शिवाय नावं सगळी एकसारखी वाटतात. मी पहिल्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर साक्षीदारांची यादी करावी तशी यादी केली, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

मी इंग्रजी भाषांतरातून वाचली. भाषा सोपी आहे, वाक्यं आखूड. प्रत्येक पुस्तक तीस प्रकरणांचं, त्यामुळे कोर्टात पुकारा होईपर्यंत दोन-तीन सहज होतात. दहाही एकदम मागवू नका. 'रोझेना' घ्या, आणि पहिल्या पन्नास पानांत 'अजून काहीच कसं घडेना' असं वाटलं तर पुढची नऊ तुमच्यासाठी नाहीत.