चिलटांची वंशावळ आणि मेगा: आठ महिने वापरल्यावर

आधी खुलासा. फळमाशी म्हटलं की आपल्याकडच्या आंबेवाल्यांना बॅक्ट्रोसेरा आठवते, रक्षक सापळ्यात अडकणारी. मी म्हणतोय ती ड्रोसोफिला, पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं. कोण कोणाची सख्खी बहीण, हे जनुकांवरून काढायला मी मेगा हे सॉफ्टवेअर वापरतोय.

फुकट आहे आणि सगळं बटणांवर चालतं, कमांड पाठ कराव्या लागत नाहीत. जेनबँक या खुल्या संग्रहातून सीओवन या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) जनुकाचे सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या माळा, उतरवायचे, त्यातल्याच मसलने अलाइन करायचे, म्हणजे अक्षराखाली अक्षर लावायचं, आणि नेबर-जॉइनिंग या झटपट पद्धतीने वंशावळीचं झाड काढायचं. माझ्या चाळीस सिक्वेन्सचं झाड हजार बूटस्ट्रॅपसकट (फांदी किती पक्की हे शंभरपैकी सांगणारी फेरतपासणी) चहा गाळेपर्यंत तयार असतं. मॅक्सिमम लाइकलिहुड ही जास्त आकडेमोडीची पद्धत लावली तर मात्र जेवून यावं. लॅपटॉप जुना आहे, त्याचाही दोष.

खरा वेळ जातो तो साफसफाईत. आपल्या माश्यांचं सिक्वेन्सिंग करून घेतलं की ट्रेस फाइल, म्हणजे अक्षरागणिक शिखर दाखवणारा आलेख, येते; तिच्या टोकाला शिखरं एकमेकांत मिसळलेली असतात, तिथे सरळ कात्री चालवायची. एकदा तर प्रथिनाच्या टॅबवर जाऊन बघतो तो जिकडेतिकडे तारे, म्हणजे स्टॉप कोडॉन, प्रथिन इथे संपलं असं सांगणारी तीन अक्षरं. दोन दिवस मी सिक्वेन्सिंग करून देणाऱ्यांना मनात शिव्या घातल्या. चूक माझीच होती: जेनेटिक कोड, म्हणजे अक्षरांचं प्रथिनात भाषांतर करायचा तक्ता, ‘स्टँडर्ड’वर राहिला होता. माशीच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. ‘इन्व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल’ निवडलं आणि तारे गायब.

तरी झाड लगेच भिंतीवर लावू नका. माझ्या झाडात मॉरिशसची मॉरिशिआना ही जात थेट सिम्युलन्स या दुसऱ्या जातीच्या घोळक्यात जाऊन बसली, बूटस्ट्रॅपही नव्वदीपुढचा. मी हरखलो. मग वाचताना कळलं की मॉरिशिआनाच्या बहुतेक माश्यांतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मादागास्करकडच्या सिम्युलन्सशी जवळपास तंतोतंत जुळतो. जुन्या संकरातून आलेला. बूटस्ट्रॅप खोटं बोलला नव्हता, पण त्याने सांगितली ती मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे निव्वळ आईकडची गोष्ट.

म्हणून आता केंद्रकातलं अल्कोहोल डिहायड्रोजिनेजचं जनुक घेतलंय. सरावासाठी उत्तम. मार्टिन क्राइटमन या संशोधकाने १९८३ मध्ये मेलॅनोगास्टर या जातीतल्या या जनुकाच्या ११ प्रती वाचल्या, ४३ जागी फरक सापडले आणि त्यातला प्रथिन बदलणारा फक्त एक. बाकीचे फरक प्रथिनाला न शिवणारे, आणि वंशावळीला तेच कामी येतात.

पाचपैकी चार गुण देईन. दोन-चार जनुकं, पन्नासेक माश्या असतील तर बिनधास्त घ्या. अख्खे जीनोम लावायचे असतील तर हे हत्यार नव्हे.

सध्या याकुबा या लांबच्या जातीला आउटग्रुप, म्हणजे तुलनेसाठी घोळक्याबाहेरची, ठेवून नवं झाड काढलंय. सिम्युलन्स, सेशेलिया आणि मॉरिशिआना या तीन जाती वेगळ्या होऊन काही लाखच वर्षं झालीत, त्यामुळे वेगवेगळी जनुकं वेगवेगळी साक्ष देतात. मॉरिशिआनाची फांदी अजून डळमळतेय, बूटस्ट्रॅप ५२.