‘डॉक्टर हू’ची धून: १९६३ ची टेप की १९८० चा सिंथेसायझर?

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी रचलेली धून एकच, पण बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात ती दोन अगदी वेगळ्या वाटांनी घडली. १९६३ साली डेलिया डर्बिशायर यांच्या हाताशी सिंथेसायझर नव्हताच. छेडलेल्या एका तारेचा आवाज आणि ऑसिलेटरचे, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या उपकरणाचे, सूर टेपवर घ्यायचे, टेपचा वेग बदलून हवा तो स्वर मिळवायचा, मग ब्लेडने तुकडे कापून एकेक स्वर जोडायचा. केवढी चिकाटी! १९८० मध्ये पीटर हॉवेल यांनी यामाहा सीएस-८० आणि आर्प ओडिसी हे सिंथेसायझर वापरले. आवाज चकचकीत, भरदार. तीही मला मनापासून आवडते. पण अंगावर काटा येतो तो जुनी ऐकतानाच, कारण तो बेस कुठल्या वाद्याचा, हे कानाला काही केल्या उमगत नाही.