जडावकाम दुरुस्ती, तुळजापूर वेस : काम एक नंबर, तारखेचं तेवढं विचारू नका

आज्जीच्या माहेरची शिसवी पेटी, झाकणावर म्हैसूरकडचं हत्ती आणि वेलबुट्टीचं जडावकाम (म्हणजे लाकडात खाचा कोरून त्यात बसवलेले तुकडे), पण आपल्या सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४० च्या वर, लाकूड आक्रसतं, जुना सरस (जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद) सुकून तडकतो आणि मग एकेक तुकडा सुटायला लागतो. त्यात आधी एका सुताराने पांढरा ग्लू ओतून वर जाड वार्निश मारलेलं, सगळं पिवळं चकचकीत.

इथल्या मालकांनी आधी नखाने टकटक करत अख्खं झाकण ऐकलं, जिथे पोकळ आवाज तिथे खडूची खूण. सरस वाफेने परत मऊ होतो म्हणून जुने तुकडे न मोडता निघतात, ग्लू मात्र खरवडत बसावं लागतं, त्याचे पैसे वेगळे लावले (बरोबरच आहे म्हणा). हत्तीचा हस्तिदंती सुळा गायब होता, हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद, तर त्यांनी हाडाचा तुकडा कानशीने घासून, चहाच्या पाण्यात ठेवून रंग जुळवला, आता सांगितल्याशिवाय कळत नाही. पॉलिश लाखेचं, कापडाच्या बोळ्याने.

वैताग एकच. "पुढच्या गुरुवारी या की ओ" ऐकून कान किटले, फोन तर उचलतच नाहीत. स्वस्त पण नाही. लग्नाबिग्नाची घाई असेल तर जाऊच नका.

आणि सुटलेले तुकडे, बारीक असले तरी, पुडीत बांधून न्या, नवीन कापण्यापेक्षा तेच बसवलेले कमी पैशात होतं.