आठ पिढ्यांची बनावट वंशावळ: सगळे कागद जुळले, तिथंच शंका यायला हवी होती

सातारा जिल्ह्यातल्या एका भावकीला वंशावळ शोधून देतो म्हणून एका माणसानं फसवलं. १९ घरांनी प्रत्येकी ३,००० रुपये काढले आणि ५७,००० गेले. हाती आली ती लॅमिनेट केलेली आठ पिढ्यांची वंशावळ. तिच्यामागे चार पुरावे जोडले होते: १९११ च्या जनगणनेचा उतारा, गाव नमुना १४ (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) मधली जन्मनोंद, शके १७१२ चा मोडी कागद लिप्यंतरासह, आणि गावाबाहेरच्या समाधीवरच्या लेखाचा फोटो. चारांपैकी तीन बनावट निघाले, आणि चौथा, म्हणजे समाधी, खरी असून तिचं वाचन चुकीचं होतं. आम्ही त्याच भावकीतले, मोडी वाचणारे आणि महसुली दप्तर हाताळलेले. पण फाईल आमच्याकडे आली ती शेवटचा हप्ता गेल्यावर. तिच्यात काय होतं आणि ते कशावरून ओळखायचं, ते इथं देतो. असेच कागद इतर गावांतही विकले जात असतील, तर निदान पुढची घरं वाचावीत.

पहिल्यांदा जनगणनेचा उतारा, कारण तो पाहून शहरातली आणि परदेशातली घरं सगळ्यात आधी पटली. इंग्लंडची १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये नावानिशी खुली झाली, अमेरिकेची १९५० चीही त्याच वर्षी. तिथं राहणाऱ्यांना वाटतं की भारतातही तसंच असणार. तसं नाही. १८७२ पासूनच्या जनगणनांचे जे छापील खंड मिळतात त्यांत जिल्हा, तालुका, जात, धर्म, व्यवसाय यांचे आकडे आहेत. तुमच्या पणजोबांचं नाव नाही. घरोघर भरलेले तक्ते मोजणीपुरते होते. त्यातून १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहायला मागता येत नाहीत आणि दिवाणी कामात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. म्हणजे "१९११ च्या जनगणनेतली तुमच्या घराची नोंद" विकणारा माणूस नसलेली वस्तू विकतो आहे. एकच अपवाद लक्षात ठेवा: १९५१ च्या जनगणनेबरोबर राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार झाली होती. ती काही गावांची तहसील कचेरीत अजून सापडते आणि तिच्यात घरातल्या माणसांची नावं असतात. जनगणनेतलं १९५१ च्या आधीचं नावानिशी काही मागू नका.

या उताऱ्यात आणखी एक खूण होती. घरातल्या सात जणांची वयं ४७, ४३, २२, १९ अशी नेमकी. त्या काळी वय अंदाजानं सांगत, म्हणून खऱ्या जुन्या नोंदीत मोठ्या माणसांची वयं ३०, ३५, ४०, ५० अशा आकड्यांभोवती गोळा झालेली दिसतात. सातही वयं नेमकी असतील तर तो कागद आजच्या माणसानं भरलेला आहे.

आता समाधी. बनावटीची सुरुवात इथूनच झाली. गावाच्या ओढ्याकाठी काळ्या दगडाची समाधी आहे, पुढच्या बाजूला तीन ओळी. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी भक्तिभावानं अक्षरांत लाल ऑइलपेंट भरला. फोटोत आकडा सरळ १७१२ दिसतो. त्या माणसानं तो तसाच घेतला, ७८ मिळवले, १७९० साल काढलं, आणि मग उरलेले सगळे कागद त्या सालाला जुळतील असे तयार केले.

आम्ही रात्री दगडापाशी जाऊन टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरला. समोरून प्रकाश टाकला तर रंगच दिसतो. बाजूनं टाकला तर कोरीव खाचेत सावली पडते आणि रंगाखालचं खोदकाम उठून येतं. तिसऱ्या आकड्याच्या खाली आणखी एक आकडी होती, झिजलेली पण स्पष्ट. तो १ नव्हता, ९ होता. रंगवणाऱ्याच्या ब्रशला ती आकडी लागलीच नव्हती. साल शके १७९२, म्हणजे इसवी सन १८७०.

एवढ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून दुसरी ओळ तपासली. शकाबरोबर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या फेऱ्यातल्या त्या वर्षाचं, नाव असतं आणि ते हिशेबानं पडताळता येतं. शकात १२ मिळवा, ६० नं भागा. बाकी जो आकडा राहील त्या क्रमांकाचा संवत्सर, प्रभव पहिला धरून (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १७९२ मध्ये १२ मिळवून १८०४. ६० नं भागून बाकी ४. चौथा संवत्सर प्रमोद. १७१२ ला हाच हिशेब केला तर बाकी ४४, म्हणजे साधारण. दगडावर रंगाखाली "प्रमो" एवढी अक्षरं वाचता येतात. वाद तिथंच मिटला. कुठल्याही पंचांगात साठ संवत्सरांची यादी मिळते, हा हिशेब शाळेतलं मूलही करील.

दगड वाचताना रंग खरवडू नका, तारेचा ब्रश लावू नका, ॲसिड तर चुकूनही नको. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायची सवय आहे, तीही सोडा; खाच भरली की वाचणारा आपल्या मनातला आकडा उठवतो.

समाधीशेजारी एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, उभी आहे. तीही "तुमच्या मूळ पुरुषाची" म्हणून वंशावळीच्या मुळाशी छापली होती. वीरगळीवर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य असे टप्पे असतात. बहुतेकींवर एक अक्षरही नसतं. अक्षर नसलेला दगड अमुक घराण्याचा असं सांगायला काहीच आधार नाही, आणि गावातली प्रत्येक भावकी ती आपलीच मानते.

मोडी कागदाकडे येऊ. १७९० चा म्हणून दिलेला, "पेशवे दप्तर, पुणे" एवढाच पत्ता, तोही रंगीत प्रिंट. पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक नसेल तर तो पत्ता म्हणजे "महाराष्ट्रात राहतो" असं सांगण्यासारखा आहे. हे क्रमांक लेखी मागा. देत नसेल तर पुढे बोलू नका.

कागदाच्या सुरुवातीला "शके १७१२ आनंदनाम संवत्सरे" आहे. वर काढलाच आहे की १७१२ ला साधारण संवत्सर येतो. आनंद संवत्सर आहे तो शिवराज्याभिषेकाच्या शके १५९६ चा. ती ओळ सगळ्यांना पाठ असते, तिथून उचललेली. पुढे सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दप्तरात अरबी आकड्यांनी लिहायचा सन, दिला आहे, "समान सबैन मया व अलफ". समान आठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: ११७८. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६००), म्हणजे १७७७. एकाच कागदाच्या डोक्यावर तेरा वर्षांचं अंतर. कागदावरच्या कार्तिक शके १७१२ ला सुहूर ११९१ यायला हवा होता, "इहिदे तिसैन मया व अलफ". खऱ्या कारकुनाची तिथी क्वचित चुकेल, पण रोज लिहायचा सन तेरा वर्षांनी चुकत नाही.

अक्षराबद्दल थोडं. पेशवेकालीन मोडी बोरूनं लिहिलेली असते, आधी पूर्ण ओळीची रेघ ओढून मग खाली अक्षरं, शब्दांमध्ये जागा न सोडता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्यात पाळलेला नसतो. या कागदात प्रत्येक शब्द सुटा, वेलांट्या आणि उकार आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. मजकुरात "जिल्हा सातारा" आणि "कुटुंबप्रमुख". १७९० मध्ये प्रांत, परगणा, तर्फ, मौजे असं लिहीत. सातारा जिल्हा आला तो १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झाल्यानंतर. लिहिणारा मोडी शिकलेला होता, पण जुने कागद वाचलेला नव्हता. लिप्यंतर नेहमी ओळीस ओळ मागा आणि मूळ कागदाची प्रत पहिल्या वाचकाचं वाचन न दाखवता दुसऱ्या मोडी वाचकाला द्या. दोघांचं जिथं जुळत नाही तिथंच खरं काम असतं.

गाव नमुना १४ ची नोंद पाहून आमच्यातलेही दोघे क्षणभर फसले, कारण छापील रकाने बरोबर होते. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव होतं, वडिलांचं होतं आणि आडनावही. त्या काळच्या खऱ्या नोंदींत बाळाचं नाव बहुधा नसतंच. नोंद जन्मानंतर लगेच व्हायची, बारसं नंतर. म्हणून रकान्यात नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी". आडनावही अनेकदा नसतं. अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक, पुढे जात. मराठवाड्यात बिनच्या जागी वलद, बायकोच्या नावापुढे कोम (म्हणजे अमक्याची बायको). आडनाव शोधत बसलात तर खरी नोंद हातातून जाईल आणि आडनाव असलेली बनावट नोंद पटेल.

मग आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला. खरे कागद आले आणि एकमेकांशी भांडू लागले. नमुना १४ मध्ये खापरपणजोबांचा मृत्यू १९१३ चा, वय ७०. त्यानंतरचा वारसाचा फेरफार १९१४ चा. त्यात थोरल्या मुलाचं वय ४०, म्हणजे जन्म १८७४. त्याच थोरल्याचा मृत्यू १९३१ ला नोंदला, वय ६५, म्हणजे जन्म १८६६. आठ वर्षांची तफावत. हे बघून घाबरायचं नाही. मृत्यूची तारीख त्या दिवशी घडलेली गोष्ट आहे, ती पक्की धरा. मृत माणसाचं वय सांगणारा दुसराच कुणी असतो, ते कच्चं धरा. फेरफारात मोठ्या वारसांची वयं अंदाजानं असतात, पण वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर पालनकर्ता लावावा लागे, "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) असं लिहिलेलं दिसतं, म्हणून लहान मुलांची वयं जास्त भरवशाची. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली समजा. थोरल्याचा जन्म आम्ही "१८६६ ते १८७४" असाच लिहिला आहे.

विकत घेतलेल्या फाईलमध्ये असं एकही भांडण नव्हतं. चार वेगवेगळ्या कचेऱ्यांतले, सव्वाशे वर्षांच्या अंतरातले कागद, आणि नाव, वय, साल सगळं काट्याला काटा. तिथं पैसे थांबवायला हवे होते.

पिढ्यांचा हिशेबही मांडून बघा, कागद न उघडताही तो होतो. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं. १८७० ला वारलेला माणूस १७९० ला वारला असं धरल्यामुळे ऐंशी वर्षांची पोकळी पडली आणि ती भरायला तीन जादा पिढ्या घातल्या. नावं कुठून आणली? आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे, तिचा फायदा घेऊन खरीच दोन नावं आलटून पालटून परत लिहिली. खऱ्या वंशावळीतही असं होतं, म्हणून कुणाला खटकलं नाही. एकाच नावाचे दोघे सांगायचे असतील तर दोघांचाही मृत्यू किंवा वारस वेगळ्या नोंदीत दिसला पाहिजे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या, आणि दक्षिण महाराष्ट्रात पिढीजात वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांकडची माहिती, हे आधार खरे आहेत आणि स्वस्तही. तिथं स्वतः जा. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. त्या पानाचा फोटो मागा, कोण कधी आलं आणि सही कुणाची आहे ते पाहा. मध्यस्थानं "गुरुजींनी सांगितलं" म्हणून आणलेली नावं धरू नका.

त्या माणसाची बोलण्याची रीतही सांगून ठेवतो. निम्मे पैसे आधी, यूपीआयवर, दर वेळी वेगळ्या नंबरावर. पावती नाही. "दादा, दप्तरातला माणूस आपलाच आहे, पण तुम्ही तिकडे चौकशी करू नका, काम बिघडेल." खऱ्या नकलेसाठी कुणाची ओळख लागत नाही. अर्ज, ठरलेली फी, आणि हातात येते ती शिक्का, सही, अर्जाची आणि नक्कल दिल्याची तारीख असलेली खरी नक्कल. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर डिजिटल सहीसह मिळतात.

हौसेपोटी घेतलेली खोटी वंशावळ भिंतीवरून उतरवता येते. जात पडताळणीच्या अर्जाला जोडली तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्राच्या २००० च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर आहे, वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, आणि दक्षता पथक मूळ नोंदवही उघडून बघतं. तिथं बनावट कागद सापडला तर विकणारा समोर नसतो, सही तुमची असते. म्हणून त्या फाईलच्या झेरॉक्स ज्या ज्या घरांत गेल्या त्या परत मागवल्या आहेत. कुणी मुलांच्या अर्जाला जोडल्या असतील तर आजच कळवावं.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत सरकतात. पोलिसांकडे जाताना चॅटचे स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक आणि दिलेले मूळ प्रिंट न्या, त्यांवर काही लिहू नका, लॅमिनेट करू नका. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पण सरकारी नोंदवहीचा बनावट उतारा केला असेल तर कलम ३३७ चाही उल्लेख तक्रारीत करा, आणि त्यासोबत तहसीलकडून अशी नोंद आढळत नाही असं लेखी उत्तर मिळवून जोडा. नमुना १४ च्या उताऱ्याबद्दल आमचा तसा अर्ज गेला आहे.